कातारी आणि कर्तृत्व

कापसाचे सूत कातले जाते आणि लाकूडही कातले जाते. एकाच क्रियापदाने मराठीने हे दोन व्यवसाय पदरी बाळगले आहेत. वरवर पाहता त्यांचे नाते परस्परविरोधी आहे, कारण चातीवर जेथे काही नव्हते तेथे धागा वाढत जातो, तर कातारी ज्या लाकडाला पटाशी लावतो ते क्षणाक्षणाला कमीच होत जाते आणि त्याच्या पायाशी किसाचा व ढलप्यांचा ढीग चढत राहतो. पाणिनीय धातुपाठात 'कृत्' हा धातू दोनदा आला आहे, एकदा छेदन या अर्थाने आणि एकदा वेष्टन या अर्थाने. आणि चातीला 'तर्कु' का म्हणतात हे सांगताना यास्काचार्यांनी याच धातूच्या वर्णांची उलटापालट झाली असल्याचे मानले आहे. तेव्हा कापणे आणि गुंडाळणे यांचा हा शेजार मराठीच्या जन्मापूर्वीचा आहे. मला मात्र या शेजाराचे कारण व्याकरणापेक्षा त्या दोन्ही कामांच्या रीतीत अधिक दिसते. दोन्हीकडे काहीतरी सतत फिरत असते, आणि जो फिरवतो व जो घडवतो त्या दोघांपैकी कर्ता कोणाला म्हणावे, हा प्रश्न दोन्हीकडे उभा राहतो. पुढील विवेचन या प्रश्नापुरतेच आहे.

आज कारखान्यात ज्याला लेथ म्हणतात त्याला निजामाच्या मुलखात, अरबी-फारसीच्या वळणाने, खराद म्हणत आणि त्यावर काम करणाऱ्याला कोणी खरादी, कोणी कातारी म्हणे. बारा बलुत्यांच्या प्रचलित यादीत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, कातारी नाही. खळ्यावर जाऊन धान्याचा हक्क मागण्याचा अधिकार त्याला परंपरेने मिळाला नव्हता, त्याचे नाव गावच्या दप्तरात वतनदार म्हणून चढले नव्हते, आणि म्हणून त्याला आपला माल घेऊन बाजारापाठी व जत्रांपाठी हिंडणे भाग होते. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारेला मन्मथस्वामींची यात्रा, मार्गशीर्षी पौर्णिमेला अंबाजोगाईला योगेश्वरीचा उत्सव, महाशिवरात्रीला परळीला वैजनाथाची जत्रा, असे बीड जिल्ह्यातील फिरस्त्या कारागिरांचे पंचांग ठरलेले असे. त्या वाटांवर लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब, बाजेचे पाय, कुंकवाचे करंडे आणि मुलांचे भोवरे विकले जात.

हैदराबाद संस्थान विलीन होऊन चारपाच वर्षे झाली होती आणि मोठी माणसे अंबाजोगाईला अजून मोमिनाबाद म्हणत होती, त्या काळी योगेश्वरीच्या जत्रेत मी पहिल्यांदा खराद पाहिली. देवळाच्या वाटेवर, हळदीकुंकवाच्या पालांच्या ओळीच्या शेवटी, जमिनीत रोवलेल्या दोन खुंटांच्या लोखंडी टोकांमध्ये बाभळीचा हातभर तुकडा आडवा धरला होता आणि त्याला दोरीचे दोन वेढे दिले होते. कातारी एका बाजूला उकिडवा बसून पायाच्या अंगठ्याने पटाशीचे पाते सावरीत होता. दुसऱ्या बाजूला त्याची बायको दोरीची दोन्ही टोके हातांत घेऊन, घरी ताक घुसळावे तशी, एकदा उजवे आणि एकदा डावे टोक ओढीत होती. लाकूड आधी त्याच्याकडे फिरे आणि मग उलटे फिरे. ते त्याच्याकडे फिरू लागले की पटाशी टेकत असे. उलटे फिरू लागले की ती केसभर मागे सरत असे, इतकी थोडी, की मला ते ध्यानात यायला बराच वेळ लागला. म्हणजे त्या बाईच्या श्रमांपैकी निम्म्या श्रमांत लाकूड मुळीच कापले जात नव्हते. परतीची ती ओढ फक्त पुढच्या ओढीला जागा करून देत होती.

मला भोवरा हवा होता. तो निम्मा आकाराला आला आणि पटाशी एकदम अडखळली. लाकडातल्या गाठीने पाते उडवले आणि भोवऱ्याच्या खांद्याचा एक तुकडा ढलप्यांत जाऊन पडला. माझे तोंड उतरले असावे. कातारी रागावला नाही, घाईतही आला नाही. त्याने लाकूड बोटाने फिरवून पाहिले, नख लावून गाठीची कड चाचपली आणि आधी जेथे खांदा यायचा होता तेथे मान आणून, बेताचा पण बारीक कमरेचा भोवरा कातायला घेतला. 'गाठ आपलं ऐकत नाही, लेकरा. आपणच तिचं ऐकावं,' एवढेच तो म्हणाला. शेवटी तांबड्या लाखेची कांडी त्याने फिरत्या लाकडावर दाबून धरली आणि घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर रंगाचे वलय उमटले.

'काका, हा तुम्हीच केला का?' मी विचारले.

'म्या कुठं केला? हिनं फिरीवला, म्या नुसतं धरलं.'

त्याची बायको हसली आणि तिने दोन्ही तळहात जमिनीवरच्या मातीत घासून घेतले. तळव्यांवर दोरीचे आडवे वळ उठले होते.

कातारी विनयाने बोलला अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. गीतेचा अठरावा अध्याय लक्षपूर्वक वाचू लागल्यावर मला उमगले की त्याने वस्तुस्थिती सांगितली होती. त्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे दिली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. ही यादी मी पाठ केली होती तेव्हा ती मला तत्त्वज्ञांच्या गणतीची हौस वाटली होती; खरादीपुढे ठेवली की तिचे प्रत्येक पद आपली जागा सांगते. जमिनीत रोवलेले खुंट हे अधिष्ठान. पटाशी धरणारा तो कर्ता. पटाशी, दोरी, लाखेची कांडी ही करणे. दोरीची ओढ आणि परतओढ ही चेष्टा. आणि बाभळीच्या अंतरंगात कोणत्या तरी पावसाळ्यात फांदी फुटताना बसलेली गाठ, ते दैव.

या पाचव्या पदाविषयी भाष्यकारांचे एकमत नाही. शंकराचार्यांच्या मते दैव म्हणजे आदित्यादी देवता, ज्या नेत्रादी इंद्रियांवर अनुग्रह करतात; रामानुजाचार्यांच्या मते दैव म्हणजे अंतर्यामी परमात्मा; आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी, मनुष्याचा प्रयत्न असो वा नसो, त्याच्या ज्ञानाबाहेर सृष्टीचे जे व्यापार अखंड चालू असतात त्यांच्याकडे बोट दाखवले आहे. पहिल्या अर्थाने पाहिले तर कातारी ज्या उजेडात काम करतो तो दैव होतो, दुसऱ्याने त्याच्या हृदयात बसलेला नियंता, तिसऱ्याने बाभळीची गाठ. मला तिसरा अर्थ जवळचा वाटतो. परंतु कोणताही अर्थ घेतला तरी एक गोष्ट सुटत नाही : दैव ही प्रयत्नाच्या अपयशानंतर आठवायची सबब नसून कर्म सुरू होण्यापूर्वीच त्यात भागीदार असलेले एक कारण आहे. गाठ पटाशी अडखळली तेव्हा उत्पन्न झाली नाही.

आता जिच्याविषयी विचार करताना मी अनेक रात्री जागा राहिलो त्या उपमेकडे येतो. याच अध्यायात पुढे, ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात राहून त्यांना यंत्रावर चढवल्यासारखे आपल्या मायेने फिरवतो, असे प्रतिपादन आहे, आणि त्याचे विवरण करताना शंकराचार्यांनी यंत्रावर चढवलेल्या लाकडी माणसांचा दृष्टांत दिला आहे. लाकडी माणूस, आणि तोही यंत्रावर. हे वाचून ज्याला धास्ती वाटली नाही त्याने ते वाचले नाही, असे मी म्हणेन. कारण आपण जर खुंटांमध्ये धरलेला बाभळीचा तुकडा असू आणि दोरी, पटाशी व हात हे सर्व त्याचेच असतील, तर ज्ञान-अज्ञान, पाप-पुण्य, उपदेश आणि स्वतः गीता यांचे प्रयोजन उरत नाही. नियतिवादी वाचक येथे थांबतात आणि त्यांना यात एक प्रकारचे समाधानही लाभते, कारण लाकडाला जबाब द्यावा लागत नाही.

परंतु ग्रंथ तेथे थांबत नाही. त्या श्लोकानंतर एक श्लोक टाकून दुसऱ्यात भगवंत अर्जुनाला सांगतात की हे सर्व नीट विचारात घे आणि मग तुला इच्छा होईल तसे कर. यंत्राच्या दृष्टांतापासून या अनुज्ञेपर्यंत अवघ्या दोन श्लोकांचे अंतर आहे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रश्न या अंतरात आहे. जत्रेतल्या खरादीने मला त्याचे जेवढे उत्तर दिले तेवढे ग्रंथांनी दिले नाही : फिरणे आपल्या स्वाधीन नाही, गाठ आपल्या स्वाधीन नाही, पण पटाशी केव्हा टेकवायची आणि केव्हा केसभर मागे घ्यायची, एवढे मात्र धरणाऱ्याचे आहे. हा अधिकार फार लहान आहे. भोवऱ्याची सारी सुबकता त्यातून येते.

आमच्या दर्शनकारांनी फिरण्याचा दृष्टांत घेतला तो बहुधा कुंभाराच्या चाकाचा. ज्ञान झाल्यावरही देह काही काळ का टिकतो, तर कुंभाराने दांडा काढून घेतला तरी पूर्वीच्या वेगाने चाक फिरत राहते तसा, असे सांख्यकारिकेत म्हटले आहे. वेदान्ताने प्रारब्धासाठी तोच दृष्टांत आपलासा केला. दृष्टांत अचूक आहे, पण त्याने आपल्या विचाराला एक सवय लावली आहे असे मला वाटते. चाकाला वेग देणारा हात निघून गेलेला असतो; पाहणाराला फिरते चाक आणि घडणारी माती एवढेच दिसते. खरादीत तसे घडू शकत नाही. दोरी ओढणारीने क्षणभर विसावा घेतला की लाकूड जागच्या जागी थांबते, आणि पटाशी धरणाराला मान वर करून समोर पाहावे लागते. प्रारब्धाच्या चर्चेसाठी पूर्वाचार्यांनी कुंभाराच्या चाकाऐवजी कातारणीच्या हातांकडे पाहिले असते तर कर्तृत्वाचा अहंकार टाकण्याचा उपदेश त्यांना इतक्या वेळा करावा लागला नसता, असे मानण्याचे धाडस मी करतो.

हा अहंकार कसा जातो, याविषयी शास्त्रात पुष्कळ सांगितले आहे. पाच कारणे असताना जो केवळ आत्म्यालाच कर्ता समजतो त्याला यथार्थ दिसत नाही, असे गीता म्हणते. त्या 'केवल' शब्दाचा अर्थ शंकराचार्य शुद्ध, असंग आत्मा असा करतात आणि तेथून अद्वैताचा मोठा मार्ग सुरू होतो. त्या मार्गाविषयी मला आदर आहे. परंतु संसारात राहणाऱ्या माणसाला, ज्याची बुद्धी असंगापर्यंत पोहोचत नाही, त्याला एक जवळची पायवाटही आहे, आणि ती म्हणजे आपल्याखेरीज त्या कामात कोण होते हे डोळ्यांनी पाहणे.

आज हे पाहणे कठीण झाले आहे. खराद विजेवर चालते. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला, आणि त्यानंतर आमच्या जिल्ह्यातील सुताराच्या दुकानात मोटार येऊन बसणे हे काळाच्या ओघाने होणारच होते. कातारणीच्या तळव्यांवरचे वळ त्यामुळे नाहीसे झाले असतील तर मी त्या मोटारीला नमस्कार करतो. श्रमांची मला हौस नाही. पण बटन दाबताच लाकूड एकाच दिशेने, अखंड, परतओढीवाचून फिरू लागते, आणि समोरची जागा रिकामी असल्यामुळे 'हे मी केले' असे म्हणताना जीभ अडखळत नाही. वास्तविक त्या मोटारीमागे कोळशाच्या खाणीत उतरलेली माणसे आहेत, बाष्पकापाशी पाळी करणारे आहेत, धरणाचे पाणी आहे. २०१३ च्या दुष्काळात पाणी नसल्याने परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले, तेव्हा पाचवे कारण पहिल्या चौघांच्या पुढे येऊन उभे राहिले. न पडलेला पाऊसही खरादीवर बसलेला असतो.

परदेशात लाकूड कातणे हा आता पुष्कळांचा छंद आहे. लंडनमध्ये कातारी लोकांच्या मंडळाला १६०४ साली राजाची सनद मिळाली होती, तो धंद्याचा काळ होता. अमेरिकेत १९८६ साली जी देशव्यापी संघटना स्थापन झाली आणि जिच्या आज शेकडो स्थानिक शाखा आहेत तिचे सभासद बहुतेक हौशी आहेत, कित्येक नोकरीतून निवृत्त झालेले. ते महिन्यातून एकदा जमतात, आपण केलेल्या वाट्या, डब्या, पात्रे एका मेजावर मांडतात आणि प्रत्येकजण उठून सांगतो की हे लाकूड कोणत्या झाडाचे, ते कोठे मिळाले, कोठे चिरले आणि चीर कशी सांभाळली. हा रिवाज मला मनापासून आवडला. वादळात पडलेल्या शेजाऱ्याच्या झाडाचे नाव पात्राबरोबर घेणे म्हणजे दैवाला त्याचा वाटा देणे होय. त्यांच्यातील पुष्कळजण दीर्घ आजारी मुलांसाठी झाकणाच्या डब्या कातून रुग्णालयांना देतात. त्या मुलांना प्रत्येक सुईमागे, प्रत्येक शस्त्रक्रियेमागे एकेक रंगीत मणी मिळतो आणि ते मणी त्या डबीत राहतात. आमच्याकडे मणी नामस्मरण मोजतो, तेथे तो सोसणे मोजतो; दोन्ही गणना खऱ्या आहेत. असे एखादे मंडळ बीडला किंवा अंबाजोगाईला निघावे, त्यात कातारी समाजातील जुनी माणसे गुरुस्थानी असावीत, अशी माझी इच्छा आहे. माझे एवढेच मागणे राहील की मेजावर पात्र ठेवताना लाकडाच्या नावाबरोबर, ते फिरवले कोणी, हेही सांगण्याची चाल पडावी.

कारण हा प्रश्न लाकडापुरता नाही, हे बीड जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला विसरता येत नाही. दसरा-दिवाळी झाली की येथून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो आणि त्याच्या वहीत नवरा-बायको मिळून एक नोंद होते. त्या नोंदीला 'कोयता' म्हणतात. दोन माणसे, एक कोयता. ती पहाटे उठून भाकरी करते, फडात ऊस तोडते, पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीवर चढवते. आणि उचलीचा व्यवहार बहुधा त्याच्याशी होतो, अंगठा त्याचा उठतो, कर्जही त्याच्या नावाने बोलले जाते. कामात खंड पडू नये, खाड्याचे पैसे कापले जाऊ नयेत म्हणून यांतील कित्येकींनी ऐन तरुणपणी गर्भाशय काढून टाकले, ही गोष्ट २०१९ साली उघड झाली आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाच कारणांचा सिद्धान्त ज्या देशात सांगितला गेला त्या देशातील हिशेबाच्या वहीत चेष्टेचे खाते नाही. गीतेचे पारायण करणाऱ्या, सप्ताह बसवणाऱ्या, आषाढीला दिंडीबरोबर चालणाऱ्या आम्हा माणसांना हे धर्मसंकट वाटत नसेल, तर आम्ही अठरावा अध्याय नुसता तोंडाने म्हणतो.

अंबाजोगाईला दासोपंतांची समाधी आहे. १५५१ मध्ये जन्मलेल्या आणि १६१५ मध्ये येथे देह ठेवलेल्या या दत्तभक्ताने गीतेवर जी टीका रचली ती गीतार्णव, सव्वा लाख ओव्यांची म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांच्या बालपणाची आख्यायिका आमच्याकडे अजून सांगतात : वडिलांकडे सरकारी महसुलाची बाकी राहिली म्हणून बेदरच्या दरबाराने मुलाला ओलीस ठेवले, मुदत भरत आली, आणि शेवटच्या क्षणी दत्ताजी पाडेवार नावाचा कोणी इसम येऊन सर्व रक्कम भरून निघून गेला. रक्कम कोणाची, माणूस कोण, हे दप्तराला कळले नाही. भक्तांनी ओळखले की ते दत्तात्रेय होते. देवाने राजाचे वा सावकाराचे रूप न घेता गावच्या सेवकाचे, हरकाम्याचे रूप घ्यावे, ही त्या आख्यायिकेतील गोष्ट मला तिच्या चमत्काराहून मोठी वाटते. ज्याने खरोखर काम केले तो पाडेवार होता आणि पावती दुसऱ्याच्या नावाने फाटली.

दासोपंतांची पासोडी अंबाजोगाईत जतन केलेली आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा त्या कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिले आहे, आणि अक्षरांच्या त्या ओळींपुढे उभे राहिले की लिहिणाऱ्याच्या हाताची स्थिरता आजही जाणवते. मी ती पाहिली तेव्हा मला, का कोण जाणे, अक्षरांच्या मधली कोरी जागा पाहावीशी वाटली. तेथे सूत दिसते. उभे-आडवे, कोठे जाड, कोठे बारीक. कोणीतरी चाती फिरवली होती, आणि एका जागी धागा तुटून पुन्हा जोडल्यासारखी एक बारीक गाठ होती. लेखणी त्या गाठीवरून गेली होती.

जत्रेतला भोवरा पुढे कोठेतरी हरवला. त्याच दिवशी आईने त्या कातारणीकडून सहा आण्यांना घेतलेले लाटणे मात्र आमच्या घरी आहे. त्याची लाख केव्हाच उडाली, मधला भाग झिजून किंचित बारीक झाला. दोन्ही टोकांना, खुंटांची लोखंडी टोके जेथे रुतली होती तेथे, ज्वारीच्या दाण्याएवढे एकेक छिद्र आहे. पोळ्या लाटताना त्यात कणीक भरते आणि वाळून घट्ट होते. पाडव्याला भांडी घासायला निघतात तेव्हा माझी सून ती सुईने टोकरून काढते, एका टोकाची आणि मग लाटणे उलटे करून दुसऱ्या टोकाची.